कामगार कायद्यांचे पालन व मालकाची जबाबदारी (ठाणे, कल्याण-डोंबिवली)

कामगारांची सुरक्षितता, वेतन व सामाजिक सुरक्षा यांबाबत कायद्याने मालकावर टाकलेली कर्तव्ये आणि ती चुकल्यास ओढवणारी दिवाणी व फौजदारी जबाबदारी. ठाण्यातील वागळे इस्टेट व डोंबिवली एमआयडीसी या औद्योगिक वसाहतींत हा प्रश्न थेट जीविताशी जोडलेला आहे; डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत झालेल्या भीषण स्फोटांत कामगारांचे बळी गेले आणि परिसरातील घरांचीही हानी झाली.

कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये ‘भोगवटादार’, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असलेली व्यक्ती, ही मुख्य उत्तरदायी होती आणि कंपनीच्या बाबतीत ती संचालकच असावी लागे, त्यामुळे सारा दोष व्यवस्थापकावर ढकलून मोकळे होण्याची वाट बंद झाली. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण आले आणि त्यातील तरतुदींच्या भंगास सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठरली.

कंत्राटी कामगार नेमल्याने जबाबदारी टळते, हा समज चुकीचा आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमानुसार कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते मुख्य मालकाला द्यावे लागे. अनुचित कामगार प्रथांविरुद्ध १९७१ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली कामगार वा औद्योगिक न्यायालयात दाद मागता येई.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार केंद्रीय श्रम संहिता अमलात आल्या असून कारखाने व कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या आहेत.