साचे आहेत, माणसं कुठाहेत?

एफ-२२ रॅप्टरचे साचे अमेरिकेने मोडीत काढले नाहीत, कॅलिफोर्नियातल्या लष्करी डेपोत जपून ठेवले. म्हणजे पुन्हा बनवायची वेळ येईल, ही शंका तेव्हाच होती.

मूळ बेत ७५० विमानांचा. २००९मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी १८७वर रेघ ओढली. लढाई अफगाणिस्तानात चालली होती. तालिबानकडे ना विमानं, ना रडार! त्या वेळी ते चुकले असं मला वाटत नाही. पण २०११मध्ये चीनचं जे-२० उडालं, आणि त्याच डिसेंबरात शेवटचं रॅप्टर कारखान्याबाहेर पडलं.

२०१७मध्ये हवाई दलाने हिशेब मांडला: आणखी १९४ विमानं, सुमारे ५० अब्ज डॉलर. साचे होते, पण पुरवठादार पांगले होते. हवाई दल नको म्हणालं. मीही नकोच म्हणालो असतो.