वकिलाची रिकामी खुर्ची: गिडियनच्या पेन्सिलीपासून मुझफ्फरपूरच्या तुरुंगापर्यंत

१/
४ ऑगस्ट १९६१. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील पनामा सिटी. न्यायालयात पन्नाशीचा एक आरोपी उभा होता: क्लॅरन्स अर्ल गिडियन. खटल्यास तयार आहात का, असे न्यायाधीशांनी विचारले. तयार नाही, तो उत्तरला. बाजूने वकील नाही, आणि वकील देण्याइतके पैसेही नाहीत. न्यायालयाने वकील नेमून द्यावा, अशी त्याने विनंती केली.

२/
न्यायाधीश रॉबर्ट मॅक्रेरी यांनी खेद व्यक्त केला आणि नकार दिला. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार देहदंडास पात्र असलेल्या गुन्ह्यातच सरकारी खर्चाने वकील मिळत असे. त्यावर गिडियन ठामपणे म्हणाला की, सर्वोच्च न्यायालयाच्या मते वकील मिळणे हा आपला हक्क आहे. गंमत अशी की, त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने न्यायाधीश बरोबर होते आणि गिडियन चुकत होता.

३/
आरोप होता बे हार्बर येथील एका पूलरूममधील घरफोडीचा. ३ जूनच्या पहाटे सिगारेटच्या यंत्रातील व ज्यूकबॉक्समधील सुटी नाणी आणि थोडे मद्य चोरीस गेले होते. गिडियनला आपण आत पाहिले, असे एका तरुणाने सांगितले. गिडियन शाळा अर्ध्यावर सोडलेला, भटके आयुष्य जगलेला आणि यापूर्वी तुरुंगवास भोगलेला. असा माणूस गुन्हेगार असणारच, असे पाहणाऱ्यास सहज वाटावे.

४/
त्याने स्वतःच स्वतःचा बचाव केला. साक्षीदारांना प्रश्न विचारले, ज्युरीपुढे निरपराधित्व सांगितले. परंतु कोणता प्रश्न कशासाठी विचारायचा, साक्षीतील कोणती फट रुंद करायची, हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. उलटतपासणी ही एक विद्या आहे. ती कोठडीत बसून येत नाही. ज्युरीने दोषी ठरविले. शिक्षा झाली ५ वर्षांची.

५/
कायदा असा का होता? अमेरिकी राज्यघटनेची सहावी दुरुस्ती आरोपीला वकिलाच्या साहाय्याची हमी देते. मात्र १९४२ च्या ‘बेट्स विरुद्ध ब्रेडी’ या निकालाने ठरविले होते की, राज्यांच्या न्यायालयांत गरीब आरोपीला वकील देणे सरसकट बंधनकारक नाही. आरोपी निरक्षर असणे यासारखी विशेष परिस्थिती असेल तरच ते आवश्यक. त्या निकालाला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी भिन्नमत नोंदविले होते.

६/
जानेवारी १९६२ मध्ये गिडियनने तुरुंगातील रेघी कागदावर पेन्सिलीने अर्ज लिहिला आणि वॉशिंग्टनला धाडला. भाषा ओबडधोबड, शुद्धलेखन सदोष. दरवर्षी अशा कैद्यांचे ढीगभर अर्ज सर्वोच्च न्यायालयात येत आणि बहुतेक फेटाळले जात. हा अर्ज मात्र त्या वर्षीच्या जूनमध्ये सुनावणीसाठी दाखल करून घेण्यात आला.

७/
आता गिडियनची बाजू कोण मांडणार? न्यायालयाने नियुक्ती केली एब फोर्टास यांची. ‘अर्नोल्ड, फोर्टास अँड पोर्टर’ या वॉशिंग्टनमधील नामांकित वकिली पेढीचे ते भागीदार. अशा नेमणुकीत वकिलाला फी मिळत नसे. प्रवासखर्च व छपाईचा खर्च तेवढा मिळे. ज्यांच्या तासाला मोठे मोल होते, त्यांनी एका कफल्लक कैद्यासाठी महिनोन्महिने काम करायचे होते, तेही विनामूल्य.

८/
पेढीला हे नवे नव्हते. १९४६ मध्ये थर्मन अर्नोल्ड आणि फोर्टास यांनी ती सुरू केली. पुढच्याच वर्षी पॉल पोर्टर सामील झाले. तिघेही रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत सरकारी पदांवर राहिलेले. पेढीची मिळकत बड्या कंपन्यांच्या कामातून येई. तथापि कम्युनिस्टविरोधी भयगंडाच्या काळात, इतर वकील हात झटकत असताना, या पेढीने संशयितांची वकीलपत्रे फी न घेता स्वीकारली.

९/
डोरोथी बेली या सरकारी कर्मचारी महिलेची नोकरी निनावी आरोपांवरून गेली होती. आरोप करणाऱ्यांची नावेही तिला कळू दिली गेली नाहीत. चीन व मध्य आशियाचे अभ्यासक ओवेन लॅटिमोर यांच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला. बेलीच्या प्रकरणात १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मते समसमान विभागली गेली आणि ती हरली; लॅटिमोर यांच्यावरील आरोप १९५५ मध्ये मागे पडले. दोघांच्याही मागे हीच पेढी उभी होती.

१०/
म्हणूनच गिडियनचे काम उपकार म्हणून उरकले गेले नाही. भागीदार एब क्रॅश आणि तरुण सहकारी संशोधनास लागले. त्या उन्हाळ्यात पेढीत उमेदवारी करणारा जॉन हार्ट ईली हा कायद्याचा विद्यार्थीही त्यात होता. पुढे तो घटनाशास्त्राचा मोठा अभ्यासक झाला. फोर्टास यांनी गिडियनकडून त्याची जीवनकहाणी पत्राने मागविली. बड्या कंपनीच्या अशिलासाठी जी तयारी झाली असती, तीच येथे झाली.

११/
फोर्टास यांच्यापुढे सोपी वाट होती. गिडियनच्या बाबतीत ‘विशेष परिस्थिती’ आहे, असे दाखवून एका माणसाची सुटका साधता आली असती. त्यांनी उलटी वाट धरली. गिडियन मंदबुद्धीचा नाही, न्यायाधीशांनीही त्याला शक्य ती मदत केली, आणि तरीही खटला न्याय्य झाला नाही, असे त्यांनी मांडले. दोष परिस्थितीचा नसून वकिलाच्या अभावाचाच आहे, हे यातून उघड झाले.

१२/
युक्तिवादात त्यांनी क्लॅरन्स डॅरो यांचे उदाहरण दिले. डॅरो म्हणजे अमेरिकेतील फौजदारी वकिलांचे शिरोमणी. पण स्वतःवर खटला झाला तेव्हा त्यांनीही दुसरा वकील गाठला. ज्याने आयुष्य कायद्यात घालविले त्याला वकील लागतो, तर गिडियनने एकट्याने काय करावे?

१३/
फ्लोरिडातर्फे ब्रूस जेकब हा तरुण सरकारी वकील उभा होता. त्याने इतर राज्यांना पत्रे लिहून पाठिंबा मागितला. घडले भलतेच. पत्र वाचून मिनेसोटाचे वॉल्टर माँडेल यांनी पुढाकार घेतला आणि वीसहून अधिक राज्ये गिडियनच्या बाजूने उभी राहिली. फ्लोरिडाच्या बाजूने आली अवघी दोन: अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिना.

१४/
१८ मार्च १९६३ रोजी निकाल लागला. नऊही न्यायमूर्तींचे एकमत. निकालपत्र लिहिले ह्यूगो ब्लॅक यांनी, म्हणजे २१ वर्षांपूर्वी अल्पमतात राहिलेल्या भिन्नमताच्या जनकाने. आशय असा: सरकार आरोप सिद्ध करण्यासाठी वकील नेमते, ज्याच्याकडे पैसा आहे तो बचावासाठी वकील नेमतो, यावरूनच फौजदारी न्यायालयात वकील ही चैन नसून गरज आहे हे दिसते.

१५/
पण गिडियन निर्दोष ठरला नव्हता. त्याला फक्त नवा खटला मिळाला. ५ ऑगस्ट १९६३. तेच शहर, तेच न्यायाधीश, तोच आरोप, तोच प्रमुख साक्षीदार. बदल एकच: गिडियनच्या शेजारच्या खुर्चीत फ्रेड टर्नर हा स्थानिक वकील बसला होता. बाहेरून आलेल्या वकिलांना नाकारून गिडियनने त्यालाच मागून घेतले होते.

१६/
टर्नरने पूर्वतयारी कसून केली होती. गिडियनला त्या पहाटे टॅक्सीत घेणाऱ्या चालकाला गाठून त्याने विचारले, याच्या हातात काय होते? चालक म्हणाला, मद्याची बाटली वगैरे काहीही नव्हते. मग चोरीचा माल गेला कुठे? प्रमुख साक्षीदार त्या अवेळी तिथे काय करीत होता? तोच खऱ्या चोरांचा पहारेकरी नसेल कशावरून? सुमारे तासाभरात ज्युरी परतली: निर्दोष.

१७/
इतिहासाला प्रयोगशाळा नसते, असे म्हणतात. या दोन खटल्यांत मात्र प्रयोगाची काटेकोर अट जवळजवळ पूर्ण झाली. बाकी सारे जवळपास तसेच ठेवून फक्त वकील बदलला आणि दोषी माणूस निर्दोष झाला. दोन वर्षे तो ज्या कोठडीत होता, ती कोठडी गुन्ह्याची नव्हे, गरिबीची शिक्षा होती.

१८/
फोर्टास १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९६९ मध्ये एका धनिकाच्या प्रतिष्ठानाकडून पैसे घेतल्याच्या वादात त्यांना पद सोडावे लागले. गिडियनसाठी एक पैसा न घेणाऱ्या माणसाची कारकीर्द पैशाच्याच प्रश्नावर संपली. म्हणूनही गरिबाचा बचाव एखाद्या थोर वकिलाच्या मनाच्या मोठेपणावर सोपविता येत नाही. त्यासाठी कायदाच लागतो.

१९/
हा प्रश्न भारतातही होता. घटनेच्या अनुच्छेद २२ ने अटकेतील व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला. त्याची फी कोणी भरायची, हे सांगितले नाही. मुंबई प्रांतात १९४९ मध्येच न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या समितीने गरिबांना कायदेशीर साहाय्य देण्याचा विचार केला होता. पण प्रत्यक्ष हक्क उतरायला तब्बल ३० वर्षे लागली.

२०/
१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला: मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य. आणीबाणीत वादग्रस्त ठरलेल्या त्याच दुरुस्तीत हे कलम असावे, हा एक विलक्षण योग. पण ते मार्गदर्शक तत्त्व होते. त्याच्या भरवशावर न्यायालयात दाद मागता येत नव्हती.

२१/
ऑगस्ट १९७८ मध्ये ‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हे प्रकरण आले. मुंबई उच्च न्यायालयाने आरोपीची नाममात्र शिक्षा वाढवून ३ वर्षे केली होती. त्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तो चार वर्षांहून अधिक उशिरा. तोवर शिक्षा भोगून झाली होती. निकालपत्राची प्रत तुरुंगात त्याच्या हाती पडली की नाही, हाच वाद होता.

२२/
न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अर्ज फेटाळला, पण तत्त्व घालून दिले: कैद्याला निकालाची प्रत वेळेत व विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि तो गरीब असेल तर अपिलासाठी वकील राज्याच्या खर्चाने. या निकालपत्रात गिडियनच्या खटल्याचा नावानिशी उल्लेख आहे. फ्लोरिडातल्या पेन्सिलीने लिहिलेला अर्ज १६ वर्षांनी महाराष्ट्रातील एका कैद्याच्या प्रकरणात वाचला गेला.

२३/
जानेवारी १९७९ मध्ये पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी वृत्तपत्रात लिहिले. आरोप सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती, त्याहून अधिक काळ काही जण खटल्याविनाच आत होते. कपिला हिंगोरानी या वकील महिलेने ते वाचले. कोणीही अशील म्हणून आले नव्हते, फीचा प्रश्नच नव्हता. त्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

२४/
‘हुसैनआरा खातून’ प्रकरणात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी मार्च १९७९ मध्ये सांगितले की, मोफत विधी साहाय्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच, अनुच्छेद २१ चा भाग आहे. हे भगवती म्हणजे १९४९ च्या समितीच्या अध्यक्षांचे पुत्र. वडिलांनी अहवालात मांडलेला प्रश्न मुलाने निकालात सोडविला. हजारो कच्चे कैदी सुटले.

२५/
पुढे ‘खत्री’ प्रकरणात १९८१ मध्ये ठरले की, पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. ‘सुक दास’ प्रकरणात १९८६ मध्ये ठरले की, आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. ज्याला हक्कच माहीत नाही, तो मागणार कसा? १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला.

२६/
आज स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेले नागरिक यांना या कायद्याने मोफत वकील मिळू शकतो. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे.

२७/
कायदा खुर्चीत वकील बसवू शकतो. त्या वकिलाने टॅक्सीचालकाला शोधायला जावे की नाही, हे कायदा ठरवू शकत नाही. फोर्टास यांची पेढी, टर्नर आणि हिंगोरानी यांना जोडणारा धागा फुकट कामाचा नाही. फी देणाऱ्या अशिलासाठी जेवढे केले असते तेवढेच न देणाऱ्यासाठीही केले, हा तो धागा आहे.

२८/
गिडियन १९७२ मध्ये वारला, जवळजवळ अनामिक. त्याने काही मोठे तत्त्व मांडले नव्हते. आपल्या शेजारची खुर्ची रिकामी आहे आणि हे बरोबर नाही, एवढेच त्याने लिहून कळविले होते. एखाद्या न्यायालयात आजही कोणी तसेच एकटे उभे असेल, तर त्याचे म्हणणे अजून ऐकून व्हायचे आहे.