अपघातात अडकलेल्याची सुटका : आपण इथवर कसे आलो?

4 एप्रिल 2025 ची सकाळ आपल्या हिंगोली जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. वसमत तालुक्यातील गुंज गावच्या शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. तिघे वाचले, 7 महिला गेल्या. विहीर पाण्याने भरलेली होती. पाणी उपसल्याशिवाय त्यांच्यापर्यंत पोहोचणेच कठीण होते.

अशा वेळी सगळे एकच विचारतात, "ॲम्ब्युलन्स किती वेळात आली?" पण माणूस आत अडकलेला असेल, तर ॲम्ब्युलन्स दारात उभी राहूनही उपयोग नसतो. आधी सुटका, मग उपचार. ही सुटका शास्त्र कशी बनली, ते थोडक्यात पाहू.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखाली तासन् तास दबलेली माणसे जिवंत बाहेर निघत, बोलत आणि काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत. 1941 मध्ये डॉ. एरिक बायवॉटर्स यांनी या आजाराचे वर्णन केले. चेंगरलेल्या स्नायूंतील पोटॅशियम आणि इतर घातक द्रव्ये दाब निघताच रक्तात मिसळतात. म्हणून बराच वेळ पाय दबलेला असेल, तर शक्यतो वजन उचलण्याआधीच सलाईन सुरू करतात.

पुढे अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट यांनी शर्यतीच्या मोटारीत अडकणाऱ्या चालकांसाठी, तेलाच्या दाबावर पत्रा फाकवणारे अवजार आणले. आज जगभरची अग्निशमन दले तशी अवजारे वापरतात. मान जराही हलू नये म्हणून अनेक वर्षे गाडी सावकाश कापत. पण ब्रिटनमधील अलीकडच्या अभ्यासात अडकलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त दिसले. आता भर वेळ वाचवण्यावर आहे. जो शुद्धीवर आहे आणि स्वतः उतरू शकतो, त्याला आधार देऊन उतरू द्यावे.

आपल्याकडे पहिली अडचण अवजारांची नव्हती, भीतीची होती. "पोलीस केस आहे, हात लावू नका!" 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, आधी जीव वाचवा, कागदपत्रे नंतर. 30 मार्च 2016 रोजी याच न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही.

महाराष्ट्रात 26 जानेवारी 2014 रोजी 108 सेवा सुरू झाली. 937 ॲम्ब्युलन्स आणि सोबत डॉक्टर. मोठे काम झाले. पण ॲम्ब्युलन्स उपचारासाठी असते, पत्रा कापण्यासाठी नाही. ते काम अग्निशमन दलाचे, आणि त्यांची गाडी शहरातून यायची. तोवर आपल्याकडे पोहोचतात गावकरी आणि जेसीबी. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस दाराच्या बाजूवर उलटून पेटली. 25 जण गेले. काही जण काच फोडून बाहेर पडले म्हणून वाचले. तिथे मिनिटांचाच प्रश्न होता.

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

• 112 किंवा 108 ला फोन करा. "माणूस आत अडकला आहे" हे स्पष्ट सांगा.
• मागून येणारी वाहने थांबवा, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा.
• आग, पाणी किंवा श्वास बंद : या तीन वेळी वाट पाहू नका, लगेच बाहेर काढा.
• एरवी हातपाय धरून ओढू नका. डोके-मान सरळ धरा, त्याच्याशी बोलत राहा.
• रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका.
• किती वेळ आणि कोणता अवयव दबला होता, ते डॉक्टरांना सांगा.
• माणूस आत असताना जेसीबीने गाडी ओढू नका, आधी गाडी स्थिर करा.

प्रत्येक तालुक्याला पत्रा कापणारी अवजारे आणि ती चालवणारी प्रशिक्षित माणसे हवीत. ग्रामसभेत, नगरपालिकेत ही मागणी जरूर करा. ती मिळेपर्यंत रस्त्यावर सर्वांत आधी पोहोचणारे तुम्हीच आहात. घाबरू नका, कायदा तुमच्या बाजूने आहे.