बोटावरचा दाब आणि रक्ताचा आकडा

मंडळी, आधी एक करून बघा. अंगठ्याचं नख दाबा. पांढरं पडलं ना? सोडलं की पुन्हा गुलाबी. दाबल्यावर बारीक वाहिन्यांतलं रक्त बाजूला सरलं, इतकंच. पण कातडीला छेद न देता आतलं रक्त पाहू म्हणणाऱ्यांचा इतिहास याच एका गोष्टीभोवती फिरतो.

1940 च्या दशकात ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांसाठी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र केलं. अडचण अशी, की प्रकाश रक्तात शोषला जातो तसा कातडीत आणि मांसातही. मग मेयो क्लिनिकच्या अर्ल वूड यांनी पाळीवर फुगणारी पिशवी बसवली. आधी दाबून रक्त घालवायचं आणि मोजायचं, मग सोडून पुन्हा मोजायचं. दोन्हींतला फरक तो रक्ताचा. म्हणजे दाब हे तिथं हत्यारच होतं.

1974 मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी वेगळी वाट दाखवली. नाडीच्या ठोक्यागणिक जो प्रकाश कमी-जास्त होतो, तेवढाच हिशेबात धरा. बाकीचं स्थिर, ते सोडून द्या. दाबायची गरजच संपली. याच्या आदल्या वर्षी आपल्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला होता. पुढे 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत हेच चिमट्यासारखं यंत्र राज्यभर घरोघरी फिरलं.

दाब मात्र मागच्या दाराने परत येतो. चिमटा घट्ट बसला किंवा वरून कुणी धरून ठेवला, की नीलांतलं रक्त तुंबतं आणि त्याही ठोके देऊ लागतात. यंत्राला त्या धमन्याच वाटतात, आणि आकडा खाली येतो. आणखी दाबलं तर धमनीच मिटते, आकडा गायब.

आता भामरागड डोळ्यांसमोर आणा. पर्लकोटेला पूर, रस्ता बंद. आजारी माणसाला पुरातून न्यायचं की थांबायचं, हे 94 की 88 यावर ठरणार. सिकलसेलच्या रुग्णाला तर प्राणवायू कमी पडणं अधिकच महागात पडतं. अशा वेळी आपण काय करावं? हात चोळून गरम करावा, चिमटा मोकळा ठेवावा, आकडा स्थिरावू द्यावा, दुसऱ्या बोटावर पुन्हा पाहावं. तरीही कमीच आला, किंवा माणसाला धाप लागलेली दिसली, तर मग यंत्राशी वाद घालत बसू नये. निघावं.