प्रेक्षकाची दृष्टिरेषा



क्रीडेचा इतिहास आपण खेळाडूंच्या पराक्रमाने मोजतो. ज्या आसनांवरून तो पराक्रम पाहिला गेला, त्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः समाज आपल्या सामान्य माणसाला कोठे बसवतो आणि तेथून त्याला काय दिसते, यावरूनही त्या समाजाची पारख होते.

भरताच्या नाट्यशास्त्रातील दुसऱ्या अध्यायात हा विचार आहे. मर्त्यांसाठी ६४ हात लांब व ३२ हात रुंद प्रेक्षागृह योग्य मानले आहे. त्याहून मोठे केल्यास शब्द अस्पष्ट होतात आणि मुखावरील भाव दिसत नाहीत, असे कारणही दिले आहे. आसने पायऱ्यांप्रमाणे चढती असावीत, असेही सांगितले आहे. इ. स. ८० मध्ये खुल्या झालेल्या रोमच्या कलोसियममध्येही आसने चढतीच होती. परंतु तेथील क्रम दर्जाचा होता. सेनेटर पुढे, गोरगरीब आणि स्त्रिया सर्वांत वर.

या दर्शनाचे गणित १८३८ साली स्कॉटिश अभियंता जॉन स्कॉट रसेल याने मांडले. प्रत्येकाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून सारखीच सुटायची, तर ओळींचा चढ सरळ असून चालत नाही. तो मागे जाताना अधिकाधिक तीव्र व्हावा लागतो. मागच्या प्रेक्षकाची दृष्टिरेषा पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून जाते, त्या अंतराला आज ‘सी’ मूल्य म्हणतात. ते ९० मिलिमीटर असल्यास चांगले; ६० म्हणजे माना वाकड्या करून पाहणे. चढ वाढवावा, तर सुमारे ३५ अंशांपुढे पायऱ्या धोक्याच्या ठरतात. पाय पसरण्यास जागा द्यावी, तर मागची ओळ मैदानापासून दूर जाते. सोय आणि दर्शन यांचा हा जुना तंटा आहे.

त्यात सुरक्षिततेची भर पडली ती शोकांतिकेतून. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्या गर्दीत चेंगरून झालेल्या दुर्घटनेने ९७ जणांचा बळी घेतला. न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालानंतर इंग्लंडच्या वरिष्ठ श्रेणीतील मैदानांत प्रत्येकास आसन आले. पण रंगलेल्या क्षणी सारेच उठतात, तेव्हा चाकाच्या खुर्चीवरील माणसाला काय दिसते? उभ्या प्रेक्षकांवरूनही अशा बहुतेक जागांवरून खेळ दिसला पाहिजे, हे १९९७ साली वॉशिंग्टनच्या क्रीडागृहाच्या खटल्यात अमेरिकन न्यायालयाने मान्य केले.

मुंबईचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. १९३७ च्या ब्रेबॉर्न स्टेडियममधील जागांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. त्यातून शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने नवे मैदान उभे राहिले आणि १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिली कसोटी झाली. पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी त्याचे नूतनीकरण होताना आसने सुमारे ४५,००० वरून सुमारे ३३,००० वर आली. जागा अपुऱ्या पडल्या म्हणून जन्मलेल्या मैदानाने सोयीसाठी जागाच कमी केल्या! ज्याला आसन मिळाले, त्याला ते अधिक सुखाचे झाले. परंतु ज्याला प्रवेशच मिळाला नाही, त्याची दृष्टिरेषा कोणत्याही सूत्रात मांडलेली नसते. म्हणून नवे प्रेक्षागार बांधणाऱ्यांनी आराखडा हाती घेताना मागच्या ओळीचा विचार करावाच, पण फाटकाबाहेर राहिलेल्यांचाही करावा.