लहान क्लबाची फुटबॉलशाळा : नफा, तोटा आणि ऋण

आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. फुटबॉलच्या लहान क्लबाने मुलांसाठी शिक्षणशाळा, म्हणजे आजच्या बोलीत अकादमी, चालवावी काय, असा प्रश्न निघाला की ती हमखास पुढे येते. बारा वर्षांचा पोर क्लबाने आपला म्हणावा, त्याला बूट द्यावेत, दूध द्यावे, सहा-सात वर्षे त्याच्यासाठी शिक्षक राबवावा. आणि पोर हाताशी आला की एखाद्या श्रीमंत क्लबाने त्याला उचलून न्यावे. दळले कोणी आणि पीठ कोणाच्या मुखी पडले? हिशेबी माणसाचे उत्तर ठरलेले असते: असले दळण बंद करावे. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. ते कां अपुरे वाटते हे सांगण्यापूर्वी या प्रश्नाचा थोडा इतिहास पाहणे इष्ट होय.

अकादमी हा शब्द नवा असला तरी कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. तालीम ही आपली जुनी क्रीडाशाळा. हौद्यातील तांबडी माती, कोनाड्यातील मारुती आणि काठी घेऊन उभा असलेला वस्ताद, एवढ्या भांडवलावर ती चाले. पोराला तेथे प्रवेश मिळे तो पेठेतला म्हणून. पुढे तो कोणासाठी मैदान मारील, याचा करार कोणी लिहून घेत नसे. कोल्हापुरात या परंपरेला एक विलक्षण फाटा फुटला. शाहू महाराजांच्या आश्रयाने जे शहर कुस्तीचे माहेर बनले, त्याच शहरातील तालमींनी फुटबॉल आपलासा केला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालीम मंडळांची नावे. पण आज ती उच्चारताच कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे फुटबॉलचे संघ उभे राहतात. १९४० मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या छत्राखाली हे संघ झुंजतात आणि हजारो माणसे पेठेच्या अभिमानाने स्टेडियमवर लोटतात. तेथे संघ आणि शाळा अशा दोन वस्तू मुळी नाहीतच. गल्लीतला पोर ज्यांचा खेळ पाहत वाढतो, त्यांच्यातच जाऊन एके दिवशी उभा राहतो.

गोव्याची कथा याहून निराळी. १८८३ मध्ये शिवोली येथे विल्यम लायन्स नामक पाद्र्याने हा खेळ आणला, अशी तेथील परंपरा सांगते. चर्चच्या शाळांतून तो गावोगाव गेला. भाताची कापणी झाली की शेतांचीच मैदाने होत आणि गावचा संघ शेजारच्या गावाशी भिडे. पुढे उद्योगपतींची घराणी या खेळाकडे वळली. १९५६ मध्ये साळगावकर क्लब उभा राहिला, १९६८ मध्ये डेंपो. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक साळगावकरकडून खेळला आणि भारताचा कर्णधार झाला. १९९८-९९ मध्ये साळगावकरने राष्ट्रीय लीग जिंकून गोव्याला पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत तर आठ अजिंक्यपदे गोव्याच्या क्लबांकडे गेली आणि त्यांपैकी पाच एकट्या डेंपोची होती.

या वैभवाचा हिशेब मांडताना एक गोष्ट नजरेआड होते. डेंपोच्या बचावफळीचा आधारस्तंभ महेश गवळी हा गोव्याचाच. पण त्याचे शिक्षण झाले दूर जमशेदपुरास, १९८७ मध्ये सुरू झालेल्या टाटा फुटबॉल अकादमीत. म्हणजे आमचे पोर दुसऱ्याने नेले अशी तक्रार करणाऱ्या प्रांतानेही दुसऱ्याने शिकविलेले पोर आनंदाने घेतले होते. उलट १९९९ मध्ये सेसा गोवा या खाण कंपनीने जी फुटबॉल अकादमी काढली, तिच्यातून निघालेला आदिल खान पुढे दुसऱ्याच क्लबांकडून खेळला व भारताच्या संघात पोहोचला. या व्यवहारात कोणीही केवळ दाता नसतो आणि कोणीही केवळ घेणारा नसतो.

वैभवाला ओहोटीही लागली. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या आणि फुटबॉलला पोसणारा पैसा आटू लागला. २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी अखिल भारतीय महासंघाच्या नव्या धोरणाचा निषेध म्हणून राष्ट्रीय लीग सोडली. परंतु डेंपोने गोव्यातील स्पर्धा आणि मुलांचे संघ सोडले नाहीत. म्हणूनच २०२४-२५ मध्ये तो क्लब राष्ट्रीय पातळीच्या दुसऱ्या श्रेणीत पुन्हा उतरू शकला. त्याच्या शेजारी मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे उदाहरण ठेवून पाहावे. २००५-०६ चे अजिंक्यपद पटकावणारा हा बलाढ्य संघ मालकांनी २०१० मध्ये विसर्जित केला आणि क्लब म्हणून त्याचे मागे काही उरले नाही.

पुण्याचे उदाहरण याहून बोलके आहे. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफ. सी. हा काही फार मोठा क्लब नव्हे. पण त्याने मुलांसाठी निवासी अकादमी काढली आणि ती नेटाने चालविली. २०१५ मध्ये वरचा संघ बंद पडला. पुढल्या वर्षी ती अकादमी पुण्याच्याच दुसऱ्या क्लबाने, एफ. सी. पुणे सिटीने, घेतली. आणि २०१९ मध्ये तोही क्लब मावळला. मालक गेले, पाट्या उतरल्या. पण त्या अकादमीत वाढलेला मलप्पुरमचा आशिक कुरुनियन त्याच २०१९ साली आशियाई चषकात भारताकडून खेळत होता. क्लब बुडाला तरी विद्या बुडाली नाही.

आता विरुद्ध पक्ष. न्यायाच्या दृष्टीने तो त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडला पाहिजे, आणि त्यासाठी इंग्लंडात जावे लागते. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबाने २०१६ मध्ये आपली अकादमी बंद केली. कारण उघड होते. २०१२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे मोठे क्लब ठराविक भरपाई देऊन लहान क्लबांची मुले नेऊ शकत होते, आणि ब्रेंटफर्डची होतकरू मुले खरोखरच मँचेस्टरच्या धनाढ्य क्लबांकडे गेली. तेव्हा ब्रेंटफर्डने लहान मुलांवरचा खर्च थांबविला, इतरांनी नाकारलेले सतरा-अठरा वर्षांपुढील तरुण गोळा केले आणि त्यांचा दुय्यम संघ उभा केला. पाच वर्षांत, २०२१ मध्ये, तो क्लब इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये पोहोचला. हिशेबी माणसाला याहून मोठा पुरावा कोणता हवा? मात्र या खटल्याचे शेवटचे पान वाचल्याशिवाय निकाल देऊ नये. २०२२ मध्ये त्याच ब्रेंटफर्डने आपली अकादमी पुन्हा सुरू केली. शिवाय त्या क्लबाने जे तरुण वेचले, तेही दुसऱ्या कोणाच्या तरी शाळेत शिकलेलेच होते. सर्वांनीच ब्रेंटफर्डची पहिली युक्ती केली असती, तर ब्रेंटफर्डला वेचण्यास कोणी उरले नसते.

तेव्हा खरा प्रश्न शाळा असावी की नसावी हा नसून, शिकविणाऱ्याचे देणे कोणी व किती द्यावे हा आहे. येथे कायद्याचा इतिहास उपयोगी पडतो. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या बोस्मान या खेळाडूच्या दाव्यात असा निर्णय दिला की, करार संपलेल्या खेळाडूस दुसऱ्या सदस्यदेशातील क्लबाकडे जाताना जुन्या क्लबास पैसे देण्याची अट घालता येणार नाही. खेळाडू मोकळा झाला, ते योग्यच झाले. पण लहान क्लब धास्तावले. २००१ मध्ये फिफाने नियम केले. खेळाडू देशाबाहेरच्या क्लबाशी व्यावसायिक करार करतो तेव्हा त्याला घडविणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई मिळावी, आणि पुढे करार चालू असताना त्याची परदेशी बदली झाली तर रकमेतील पाच टक्के हिस्सा त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत शिकविणाऱ्या क्लबांत वाटावा, असे ठरले. बाराव्या ते पंधराव्या वर्षांसाठी हा वाटा दर वर्षी एकूण रकमेच्या पाव टक्का असतो. म्हणजे एखाद्या गावच्या क्लबाने पोराला ती चार वर्षे शिकविले आणि पुढे त्याची एक कोटीस बदली झाली, तर गावच्या वाट्यास एक लाख रुपये येतात. तेही क्लबाने त्याची नोंदणी रीतसर ठेवली असेल तरच. यावर शाळा चालणार नाही हे खरे. पण शिकविणाऱ्याचे ऋण असते, हे तत्त्व कायद्याने मान्य केले.

१६ मार्च २०१० चा निर्णय याहून मार्मिक आहे. ऑलिव्हिये बर्नार नावाचा तरुण फ्रान्समधील लियाँ क्लबात शिकला आणि त्यांचा करार नाकारून २००० मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबाकडे गेला. लियाँने सुमारे ५३ हजार युरोंची नुकसानभरपाई मागितली. त्याच युरोपीय न्यायालयाने सांगितले की, तरुणांना शिकविण्यास उत्तेजन मिळावे म्हणून भरपाईची पद्धत ठेवणे न्याय्य आहे. परंतु ती भरपाई शिक्षणाच्या प्रत्यक्ष खर्चाशी निगडित हवी, आणि त्या खर्चात यशस्वी झालेल्यांबरोबर जे व्यावसायिक खेळाडू झाले नाहीत त्यांचाही खर्च धरला पाहिजे. आमच्या भागातील संत्र्याच्या रोपवाटिकेचा मालक नेमके हेच करतो. तो बागेतील फळांत हिस्सा मागत नाही. कलमाची किंमत घेतो, आणि वाळून गेलेल्या कलमांचा खर्च त्या किमतीत धरलेला असतो.

त्या वाळलेल्या कलमांपाशी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. फुटबॉलशाळेत येणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. मात्र कलम वाळले तर फेकून देता येते, पोर फेकून देता येत नाही. ज्या शाळेने त्याचे पुस्तक बंद करून त्याला केवळ चेंडू दिला, ती शाळा चषकांनी भरली तरी आम्ही तीस अपयशीच म्हणू. याउलट, नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, तेव्हा खेळाडू विकणे हा त्यांचा हेतूच नव्हता. पोर व्यसनापासून दूर राहावे, चारचौघांत ताठ उभे राहावे, एवढेच त्यांना हवे होते. शाळेची कसोटी तिने विकलेल्या एका मुलावर लावावयाची नसून, तिने घरी पाठविलेल्या नव्व्याण्णव मुलांवर लावावयाची असते.

आपल्या देवस्थानांच्या इतिहासात या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे, ते वाचकांस नव्याने सांगावयास नको. फक्त आठवण द्यावयाची आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलाच्या छळामुळे देव हलले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. देवांबरोबर माणसेही पांगली, कारवार, मंगळूर, कोची, मुंबईपर्यंत गेली. देवस्थानाने कोणा कुळाव्यास जाऊ नको म्हणून अडविले नाही; आणि गेलेल्या कुळाव्यानेही आपले नाते तुटले असे मानले नाही. पिढ्या उलटल्या तरी घरचे कार्य ठरले की पहिला नारळ कुळदेवाचा. पुढे १९३३ च्या नियमावलीने महाजनांच्या नोंदवह्यांनाही कायद्याचे रूप दिले. शंखवाळकर हे आडनावच पाहा: माणूस भारताचा कर्णधार झाला तरी शंखवाळ गाव नावात राहिलाच. जाणाऱ्यास जाण्याची मोकळीक आणि गेलेल्यावर ऋणाची नोंद, ही दोन तत्त्वे एकत्र नांदू शकतात, हे युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. आपल्या कुळाव्यांनी ते कित्येक पिढ्या आचरले आहे.

आता बोरगावाकडे येऊ. सौंसर तालुक्यातील हे गाव मराठी बोलते. पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एकीकडे गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला तरी ती सीमा तेथेच आहे. येथील पोराला मोठे मैदान जवळ पडते ते नागपूर-कामठीचे, आणि त्याचे राज्य मात्र भोपाळचे. अशा गावी फुटबॉलशाळा काढली तर तिचे गुणी पोर गावात राहणार नाही, हे पहिल्या दिवशीच गृहीत धरले पाहिजे. तरीही ती काढावी, असे आमचे मत आहे. मात्र तीन अटींवर. प्रत्येक मुलाची नोंदणी व शिकविल्याच्या वर्षांचा दाखला चोख ठेवावा, कारण कागद नसेल तर हक्कही नसतो. शाळेचे पुस्तक सुटलेल्या पोराला मैदानावर घेऊ नये. आणि खर्च एका धनिकाच्या मर्जीवर न ठेवता गावाच्या लहान लहान वर्गण्यांवर ठेवावा. कारण खाण आटली की क्लब आटतो, हे गोव्याने पाहिले आहे.

जामसावळीच्या मारुतीस सौंसरच्या पंचक्रोशीतून माणसे जातात. त्यांतील कित्येक घरांची मुले पोटासाठी दूर गेली आहेत, आणि गेलेलीच मुले सणासुदीला दर्शनासाठी परत येतात. मुले जातील म्हणून त्यांना वाढवावयाचे नाही, असे कोणत्याही आईबापांनी आजवर म्हटलेले नाही. लहान क्लबाने तरी ते कां म्हणावे?