डर्मल फिलर म्हणजे काय? मुंबईला जाऊन चेहऱ्यात इंजेक्शन घेण्याआधी रायगडकरांनी काय पाहावं

मांडव्याहून रो-रो पकडली की साधारण तासाभरात भाऊचा धक्का. दुपारी दक्षिण मुंबईतल्या एखाद्या क्लिनिकमध्ये ओठांना किंवा गालांना फिलर, संध्याकाळच्या बोटीने परत अलिबाग. लग्नाच्या हंगामात हा बेत कागदावर सोपा दिसतो. इंजेक्शनलाही अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. पण फिलरच्या बाबतीत पुढचे काही तास आणि काही दिवस इंजेक्शनपेक्षा महत्त्वाचे असतात, आणि ते रुग्ण घरी काढतो. घर नागावला असणं आणि दादरला असणं यात म्हणूनच फरक पडतो.

आत नेमकं काय भरतात?

वय वाढतं तसं गालांतली चरबी कमी होते आणि खाली सरकते. जबड्याचं आणि डोळ्यांभोवतीचं हाडही थोडं झिजतं. त्वचेखालचा आधार कमी झाला की नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत घडी पडते, डोळ्यांखाली खळगा दिसतो, गाल बसतात. ही गेलेली भर सुईने परत घालायची, हे फिलरचं काम. ओठ जाड करायला, हनुवटी पुढे आणायला किंवा नाकाचा उंचवटा लपवायलाही तेच वापरतात.

बोटॉक्स आणि फिलर एकच, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बोटॉक्स स्नायू सैल करतं, म्हणून ते कपाळाच्या आणि भुवयांमधल्या आठ्यांवर चालतं, आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. फिलर स्नायूला काही करत नाही, ते फक्त जागा भरतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. उन्हाने चेहऱ्यावर आलेला वांग, काळपट डाग, रापलेली त्वचा यांवर फिलरचा काहीही उपयोग नाही. होडीवर, मासळी बाजारात किंवा वाडीत दिवस काढणाऱ्यांची चेहऱ्याबद्दलची तक्रार बहुतेकदा हीच असते. त्यावर सनस्क्रीन, टोपी आणि त्वचारोगतज्ज्ञाने दिलेली मलमं हा उपाय आहे, आणि तो बराच स्वस्त आहे. वांग घालवायला कुणी फिलर सुचवत असेल तर तिथून उठून आलेलं बरं.

गाईच्या डोळ्यातून निघालेला पदार्थ

आज वापरात असलेले बहुतेक फिलर हायलुरॉनिक ॲसिडचे असतात. नावात ॲसिड असलं तरी ते जाळत नाही. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून ते वेगळं केलं. काचेला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून नाव पडलं. पुढे बरीच वर्षं ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढलं जायचं. आता ते प्रामुख्याने जिवाणूंच्या मदतीने, आंबवण्याच्या प्रक्रियेने तयार होतं.

हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो. ७० किलोच्या माणसात साधारण १५ ग्रॅम, त्वचेत आणि सांध्यांत. तो पाणी धरून ठेवतो. पण शरीर त्याचा रोज बराच भाग मोडतं आणि नवा बनवतं, त्यामुळे साधं हायलुरॉनिक ॲसिड टोचलं तर दोन-तीन दिवसांत त्याचा मागमूस राहणार नाही. म्हणून कारखान्यात त्याचे धागे रसायनाने एकमेकांना जोडतात. जोड जितके जास्त, तितकं जेल घट्ट आणि टिकाऊ. ओठांसाठी मऊ जेल, हनुवटीसाठी कडक. अमेरिकेच्या औषध नियामकाने या प्रकारातल्या रेस्टिलेनला डिसेंबर २००३ मध्ये मान्यता दिली. त्याआधी गाईच्या कातडीतल्या कोलॅजनची इंजेक्शनं चालायची आणि त्यासाठी आधी ॲलर्जीची चाचणी करावी लागे.

एका सिरिंजमध्ये बहुधा १ मिलीलीटर जेल असतं, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. मुंबईत त्याला बहुतेकदा २० हजार रुपयांच्या पुढे मोजावे लागतात. परिणाम सहा महिने ते दीड वर्ष टिकतो असं सांगितलं जातं. मात्र एमआरआय तपासणीत काही जणांच्या चेहऱ्यात अनेक वर्षांनीही जेल सापडलेलं आहे. ‘उतरलं’ म्हणून दर वर्षी भर घालत गेलं की चेहरा सुजल्यासारखा दिसू लागतो, त्यामागे हे एक कारण आहे.

दुसऱ्या प्रकारचे फिलरही मिळतात: हाडातल्या खनिजासारख्या कॅल्शियमच्या कणांचे, पॉलिलॅक्टिक ॲसिडचे, आणि न विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांचे. ते वाईटच असतात असं नाही, पण चुकले तर त्यांना उतारा नाही. द्रव सिलिकॉन तर चेहऱ्यात टोचूच नये. ते स्वस्त पडतं आणि गाठी कायमच्या ठेवून जातं.

उतारा आहे, हीच मोठी गोष्ट

हायलुरॉनिक ॲसिडच्या फिलरला उतारा आहे. त्याचं नाव हायलुरोनिडेज. हे एन्झाइम जेलचे धागे तोडतं आणि जेल विरघळवतं. भारतात ते जुनंच औषध आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याभोवतीची भूल नीट पसरावी म्हणून ते भुलीच्या औषधात मिसळतात.

जुलै २०२५ मध्ये मुंबईत राहणाऱ्या उर्फी जावेदने ओठांतलं फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला, तो अनेकांनी पाहिला असेल. तिचा सुजलेला चेहरा बघून लोक घाबरले, हसलेही. फिलर नीट जागेवर बसलं नव्हतं म्हणून काढतेय, पुन्हा करीन पण नैसर्गिक दिसेल असं, आणि डॉक्टर चांगला निवडा, असं तिचं म्हणणं होतं. ती सूज होती ती विरघळवण्याच्या प्रक्रियेची, आणि ती उतरली. बिघडलेलं फिलर सहसा लपवलं जातं. तिने ते उघड दाखवलं, हे बरंच झालं.

या उताऱ्याचीही ॲलर्जी येऊ शकते. मधमाशी आणि गांधीलमाशीच्या विषात याच जातीचं एन्झाइम असतं. नारळी-सुपारीच्या वाडीत कधी गांधीलमाशी चावली असेल आणि त्या वेळी अंगभर पित्त उठलं असेल किंवा श्वास लागला असेल, तर ही गोष्ट फिलर घेण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवी. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि घाईत असलेला डॉक्टर विचारायला विसरतो.

रक्तवाहिनी बंद पडली तर

थोडी सूज, निळसर डाग, दोन-चार दिवस दुखणं हे नेहमीचं. डोळ्यांखालच्या पातळ त्वचेत जेल वर राहिलं तर निळसर छटा दिसते. काही महिन्यांनीही गाठ येऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. हे सगळं त्रासदायक आहे, पण त्यासाठी दोन दिवसांत डॉक्टर गाठला तरी चालतं.

जे चालत नाही ते वेगळं. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाब आला, तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो. टोचताना किंवा नंतर काही तासांत त्या भागात प्रमाणाबाहेर वेदना होतात. त्वचा पांढरी पडते, मग जाळीसारखे जांभळे पट्टे दिसू लागतात, बोटाने दाबून सोडल्यावर रंग लवकर परत येत नाही. पुढे फोड येतात आणि त्वचा मरते. भूल मिसळलेलं फिलर असेल तर सुरुवातीची वेदना दबूनही जाते, म्हणून रंगाकडे लक्ष ठेवणं जास्त महत्त्वाचं. अशा वेळी काही तासांत हायलुरोनिडेजचे मोठे डोस द्यावे लागतात. बर्फ लावायचा नाही, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

सगळ्यात भीतीदायक शक्यता डोळ्याची. नाक, भुवयांमधली जागा आणि नाकाच्या बाजूची घडी इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त देणाऱ्या धमनीशी जोडलेल्या आहेत. सिरिंजचा दाब जास्त झाला तर जेल उलटं मागे ढकललं जातं आणि तिथून दृष्टिपटलाच्या धमनीत जातं. एका डोळ्याने अचानक दिसेनासं होतं, बहुतेकदा तिथेच खुर्चीत. दृष्टिपटलाकडे रक्ताशिवाय साधारण ६० ते ९० मिनिटं असतात. हा प्रकार फार क्वचित होतो, पण गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. नाकाला फिलर लावणं ‘शस्त्रक्रियेपेक्षा सोपं’ म्हणून खपवलं जातं. धोक्याच्या हिशेबात नाक ही चेहऱ्यावरची सगळ्यात वाईट जागांपैकी एक आहे.

आता यात किनाऱ्याचा भूगोल घाला. अलिबागहून वडखळमार्गे मुंबई सुमारे १०० किलोमीटर. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या अटल सेतूने शेवटचा टप्पा कमी केला, पण शनिवार-रविवारी वडखळची कोंडी त्याच्या अलीकडेच असते. मुरुड अलिबागच्याही पुढे जवळपास ५० किलोमीटर. श्रीवर्धनहून मुंबई गाठायला चार-पाच तास धरावे लागतात. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, आणि मध्यरात्री कुठलीच बोट नसते. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर रात्री दहाला वरचा ओठ जांभळा दिसू लागला, तर ‘सकाळच्या पहिल्या बोटीने येते’ हे उत्तर नाही.

त्यामुळे फिलर घेतलेली रात्र मुंबईतच, क्लिनिकपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर काढणं हा सगळ्यात साधा उपाय आहे. मामाकडे, मैत्रिणीकडे, कुठेही. ते शक्य नसेल तर अलिबाग किंवा पनवेलमध्ये हायलुरोनिडेज जवळ ठेवणारा त्वचारोगतज्ज्ञ कोण, हे आधी फोन करून विचारून ठेवावं. आणि मुंबईच्या डॉक्टरांचा असा नंबर घ्यावा जो रात्री उचलला जातो. रिसेप्शनचा नंबर सातनंतर वाजत राहतो.

हळदीच्या आदल्या दिवशी नको

लग्नासाठी फिलर घ्यायचंच असेल तर निदान चार आठवडे आधी. सूज बसायला दोन आठवडे जातात, आणि कमी-जास्त वाटलं तर दुरुस्तीला वेळ हवा. पहिल्यांदा घेत असाल तर त्याहूनही लवकर. ताज्या टोचलेल्या चेहऱ्यावर हळद चोळणं, मेकअप थापणं, पार्लरमध्ये फेशियल मसाज करून घेणं यात दोन धोके आहेत: सुईच्या छिद्रांतून जंतू आत जातात आणि जेल जागेवरून सरकतं. हळदीच्या दिवशी करवल्यांना ‘हळू लाव’ सांगून काही उपयोग नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

पहिले एक-दोन दिवस दारू, व्यायाम, वाफ आणि भर उन्हात किनाऱ्यावर बसणं टाळायचं. फिश ऑइलच्या कॅप्सूल आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी डाग जास्त पडतात, म्हणून त्यांच्याबद्दल आधी बोलायचं. हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. सुरमई-बांगडा खायला हरकत नाही. दातांचं काम असेल तर त्याआधी-नंतर दोन आठवड्यांचं अंतर ठेवावं. गरोदरपणात, अंगावर पाजत असताना किंवा ओठावर जर आलेला असताना फिलर घेऊ नये.

सुई कुणाच्या हातात?

पार्लरमध्ये फिलर घेणं हा प्रश्नच उद्भवू नये. हे औषधोपचाराचं काम आहे आणि ते नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्योपचारांबद्दल काढलेल्या सूचनांमध्येही औपचारिक प्रशिक्षणावर भर आहे. व्हिडिओ पाहून किंवा शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत शिकणं पुरेसं नाही. त्वचारोगात एमडी किंवा प्लास्टिक सर्जरीत एमसीएच केलेला डॉक्टर शोधावा. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. पाटीवर ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ लिहिलं आहे म्हणजे माणूस डॉक्टर आहे असं होत नाही.

ऑनलाइन मिळणारे ‘हायलुरॉन पेन’ हा आणखी एक सापळा. सुई नाही म्हणून ते निरुपद्रवी वाटतात, पण जेल जोराच्या दाबाने आत मारतात आणि ते किती खोल जाईल यावर हाताचा ताबा नसतो. अमेरिकेच्या नियामकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. त्वचेला, ओठांना, डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

खुर्चीत बसल्यावर सीलबंद खोकं समोर उघडायला सांगावं. भारतात आणलेल्या फिलरच्या वेष्टनावर आयात परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. सिरिंजसोबत बॅचचे छोटे स्टिकर येतात; त्यातलं एक रुग्णाच्या कागदावर लावून मागायचं. कोणतं जेल, किती, कुठे टोचलं, हे लिहिलेलं असलं तर रात्री अकराला अलिबागच्या डॉक्टरला अंदाज बांधत बसावं लागत नाही. ‘सिरिंज अर्धी उरली आहे, पुढच्या वेळी वापरू’ असं कुणी म्हटलं तर नकार द्यावा. पक्कं बिलही घ्यावं. त्याशिवाय बिघडल्यावर मेडिकल कौन्सिलकडे किंवा अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखवायला हातात काही उरत नाही.